चालवणारी मॅडम आणि न चालणारे शेठ

भिवंडीत माझा व्यवसाय कोणालाच नीट सांगता आला नाही. दारावरच्या पाटीवर 'फिजिओथेरपिस्ट' असं लिहिलं होतं, पण तो शब्द शेवटपर्यंत वाचण्याइतका धीर असलेला माणूस क्वचितच यायचा. कोणी मला मालिशवाली म्हणायचं, कोणी कसरतवाली. शेवटी 'चालवणारी मॅडम' हे नाव चिकटलं. एकदा धामणकर नाक्यावर एका रिक्षावाल्याने दुसऱ्याला माझी ओळख करून दिली, "ये मैडम चलाती हैं." दुसऱ्याने आदराने विचारलं, "क्या चलाती हैं? बस?"

मी माणसं चालवायचे. लकवा मारलेली माणसं, घरोघरी जाऊन. आता थांबले आहे. माझेच गुडघे कुरकुरायला लागले आणि पेशंटच मला "आधी तुम्ही बसा मॅडम" म्हणायला लागले, तेव्हा समजून घेतलं.

ज्यांच्या घरात हे दुखणं आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेंदूकडे जाणारं रक्त अडलं किंवा तिथली नस फुटली की अंगाची एक बाजू संपावर जाते. डॉक्टर जीव वाचवतात आणि माणसाला घरी पाठवतात. घरचे त्याला पलंगावर ठेवतात, दोन उशा देतात, समोर टीव्ही लावतात आणि देवाचे आभार मानतात. माझं काम त्यानंतर सुरू व्हायचं. गेलेल्या हातापायाला पुन्हा कामावर बोलवायचं. हे काम कंटाळवाणं असतं, पण अवघड म्हणावं असं नसतं. अवघड भाग पुढे येतो. पायात ताकद येते, गुडघा वजन घेतो, तोल सावरतो, आणि तरीही माणूस पाऊल टाकत नाही. कारण त्याला पडायची भीती वाटते. ही भीती कुठल्याच तपासणीत दिसत नाही. शिवाय ती मोठी चमत्कारिक असते. पडू नये म्हणून माणूस अंग ताठ करतो, श्वास रोखतो, नजर पावलांवर खिळवतो आणि जो कोणी जवळ असेल त्याचा गळा धरतो. पडायची याहून चांगली तयारी मला तरी माहीत नाही.

निजामपुऱ्यात माझे एक पेशंट होते, रईसभाई. आयुष्यभर कापडाचे लूम चालवलेला माणूस. त्यांची खोली एवढीशी. एका हाताला पलंग, दुसऱ्या हाताला कपाट, पुढे शिलाई मशीन, मग भांड्यांची फळी, की लगेच दार. दाराबाहेरची गल्ली अशी अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन घरांच्या भिंतींना लागावेत. संडास गल्लीच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून एक. म्हणजे रईसभाईंना जाणं भाग होतं. मी त्यांना विचारलं, "डर नहीं लगता?" तर म्हणाले, "मैडम, गिरूँगा कहाँ? गिरने की जगह ही नहीं है." बघता बघता ते नाक्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत जायला लागले. त्याचं श्रेय मी बिनदिक्कत घेतलं. खरं तर ते निम्मं भिंतींचं होतं.

पण मला आज सांगायचं आहे ते बाळारामशेठबद्दल. त्यांच्या घरात पडायला भरपूर जागा होती.

काल्हेरच्या पुढे, खाडीकडच्या एका गावात त्यांचा बंगला. पूर्वी भातशेती होती, मग शेतात गोदामं उभी राहिली आणि बाळाराम पाटलांचे बाळारामशेठ झाले. तरुणपणी कबड्डीत हा माणूस चढाईला निघाला की समोरचे मागे सरायचे, असं गावात सांगत. भरतीच्या पाण्यात उडी मारणं, बैलगाडीच्या शर्यतीत बैल उधळला तरी कासरा न सोडणं, जमिनीच्या भांडणात खोदकामाच्या मशीनसमोर जाऊन उभं राहणं, अशा त्यांच्या पुष्कळ कथा होत्या आणि त्या सगळ्या त्यांनीच मला ऐकवल्या. आरामखुर्चीत बसून. प्रत्येक कथेचा शेवट एकच असायचा, "मी कुनाच्या बापाला भ्यायलो न्हाय." मग मी म्हणायचे, "चला तर शेठ, खिडकीपर्यंत जाऊन येऊ." लगेच त्यांचा आवाज खाली यायचा.

"मॅडम, बाकी कायपन सांगा. चालाला नका सांगू. पडलो तं?"

त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बरीचशी परतही आली होती. बोलणं शाबूत होतं, जरा जास्तच शाबूत. चार पायांची काठी घेऊन ते व्यवस्थित चालू शकले असते. पण त्यांचा हॉल म्हणजे लग्नाचा हॉल. गुळगुळीत पांढरी फरशी, आणि मधे धरायला काही म्हणजे काही नाही. आरामखुर्चीतून त्या फरशीकडे ते असे बघत की पलीकडचा किनारा जणू दिसतच नाही.

घरच्यांनी त्या भीतीला चांगलं खतपाणी घातलं होतं. मुलगा नीलेश बापावर जीव टाकणारा. त्याने बटणावर वरखाली होणारा पलंग आणला, बाहेरदेशची चाकाची खुर्ची आणली, घरभर न घसरणाऱ्या रबरी चटया अंथरल्या. मला दर वेळी दारातच सांगायचा, "मॅडम, रिस्क नको. बाबांना काही झालं ना, तर बघा." त्याच्या लेखी चालणं ही रिस्क होती आणि बसून राहणं हा उपचार. बाळारामशेठच्या पत्नी ताराबाई तर माझ्या आणि त्यांच्या मधेच उभ्या राहायच्या.

"गो बाय, तू यांना उठवतंस, पन पडले तं मी कुनाच्या तोंडाकडं बगू? बसले हायेत, बरं हाय. डोल्यासमोर तरी हायेत."

ताराबाई दिवसभर त्यांच्याभोवती फिरायच्या. ते खुर्चीत जरा पुढे सरकले की या धावत. घास भरवायच्या, सदऱ्याची बटणं लावायच्या, रिमोटचं बटणसुद्धा दाबायच्या. डावा हात पूर्ण चांगला असलेल्या माणसाच्या वाट्याला त्या घरात एकच काम उरलं होतं, मिशीवरून हात फिरवणं.

एक दिवस मी हॉलमधे गादी अंथरली आणि म्हटलं, "आज चालायचं नाही. आज खाली बसायचं आणि उठायचं." पडल्यावर कसं उठायचं हे एकदा अंगात मुरलं की पडण्याची निम्मी भीती जाते, हा माझा अनुभव. चांगल्या कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग गुडघ्यांवर. समोर भक्कम खुर्ची ओढायची, तिच्यावर चांगला हात टेकायचा, चांगलं पाऊल पुढे घ्यायचं आणि रेटा द्यायचा. घाई करायची नाही. बाळारामशेठ कण्हत, शिव्या देत एकदा उठले, ताराबाई बाजूला उभ्या राहून सगळं बघत होत्या, आणि तेवढ्यात नीलेश आत आला.

"मॅडम, तुम्ही बाबांना पडायला शिकवताय?"

"पडल्यावर उठायला शिकवतेय."

"पण पडू का द्यायचं?"

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ऐकणारं कोणी नव्हतं. बाळारामशेठनीही मान डोलावली, "ही शिकवनी बंद करा मॅडम. आपुन पडनारच न्हाय तं उठाची प्रॅक्टीस कशाला?" मग आम्ही पुन्हा खुर्चीत बसून पाय वरखाली करायला लागलो. नीलेश खूश, ताराबाई खूश, शेठ खूश. मी घरी जाताना विचार करायचे, आपण या माणसाला खुर्चीत बसायचं प्रशिक्षण देतोय.

मग गावात शेठच्या पुतण्याची हळद आली.

आमच्या भागात हळद म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. लग्न एखाद्या वेळी साधेपणाने होईल, हळद होत नाही. डीजेच्या स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात आणि बाजूच्या घरांची तावदानं थरथरतात. त्या दिवशी नीलेश आणि सून मुलांना घेऊन दुपारीच मांडवात गेले होते. शेठसाठी नर्सिंग ब्यूरोकडून ठेवलेला मदतनीस सुट्टीवर. शेठना गर्दीत न्यायची रिस्क नको, म्हणून ते घरी, आणि ते घरी म्हणून ताराबाई घरी. पुढचं मी त्या दोघांकडून वेगवेगळं ऐकलं आहे. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की ताराबाई किती जोरात ओरडल्या.

ऊन उतरायला आलं तेव्हा ताराबाई मागच्या अंगणात वाळत घातलेले बोंबील काढायला निघाल्या. मागच्या दाराशी नीलेशने अंथरलेली ती न घसरणारी चटई होती. ती खरंच घसरत नव्हती. फक्त तिचा एक कोपरा वर आला होता. ताराबाईंचा अंगठा त्यात अडकला आणि त्या बोंबलांच्या सुपासकट अंगणात आडव्या झाल्या. उठायला गेल्या तर खुब्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी.

घरात सगळी तयारी एका माणसाच्या पडण्याची केली होती, आणि पडलं भलतंच माणूस.

बाळारामशेठनी हाक ऐकली. त्यांनी नीलेशला फोन लावला, सुनेला लावला, भावाला लावला. सगळे फोन मांडवात कोणाकोणाच्या खिशात आणि पर्समधे थरथरत होते आणि वर डीजे चालू होता. ते ओरडले. मागून ताराबाईही ओरडल्या. आणि त्या काय ओरडल्या? "तुमी उठू नका! तुमी पडाल!"

हे ताराबाईंनी मला स्वतः सांगितलं. खुबा मोडून जमिनीवर पडल्या असतानाही त्यांना काळजी शेठचीच.

बाळारामशेठ उठले. काठी घेतली आणि तो हॉल ओलांडला. कसा ते त्यांना सांगता येत नाही. "फरशी बगितलीच न्हाय," एवढंच म्हणाले. स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत गेले, चटई बघून तिला वळसा घातला, आणि बायकोकडे बघितलं. खाली वाकून तिला उचलणं शक्य नव्हतं हे त्यांना कळत होतं. म्हणाले, "हलू नको. मी मानसं आनतो." मग घराला वळसा घालून, अंगणातून, फाटकातून ते रस्त्यावर आले.

हा रस्ता गोदामांचा. त्याच्यावरून दिवसभर कंटेनर आणि ट्रक जातात, माणसासाठी कोणी थांबत नाही. शेठ कडेला उभे राहून हाका मारत होते, गाड्या धूळ उडवून जात होत्या. तेव्हा त्यांनी ते केलं. चार पावलं पुढे गेले, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि समोरून येणाऱ्या कंटेनरला थांबवण्यासाठी काठी वर केली. ज्या काठीच्या आधाराने ते उभे होते, तीच. म्हणजे त्या वेळी तो माणूस कशाच्याही आधाराशिवाय, लंगड्या पायावर, भर रस्त्यात उभा होता.

कंटेनर करकचून थांबला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "अंकल, मरना है क्या?"

"मेरा बायको पडेला है," शेठ म्हणाले, "पीछू. चल."

ड्रायव्हर भला माणूस होता. उतरला, मागे जाऊन बघून आला आणि एकट्याने हलवायचं काम नाही हे ओळखलं. मग कंटेनरमधे चढून त्याने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. त्या गावात डीजेला हरवू शकेल अशी तेवढी एकच गोष्ट होती. रस्ता अडलाय की अपघात झालाय हे बघायला मांडवातली माणसं धावत आली, आणि पुढे नीलेश, सर्वांगाला हळद माखलेला. ताराबाईंना खाटेवर घालून गाडीत ठेवलं आणि हॉस्पिटलमधे नेलं.

दुसऱ्या दिवशी हे कळल्यावर मी जवळजवळ नाचतच त्यांच्या घरी गेले. ताराबाईंसाठी वाईट वाटत होतंच, पण माझ्या धंद्यातलं माणूस असं काही ऐकलं की हरखतंच. मनात म्हणत होते, सुटला हा माणूस भीतीतून. फाटकाला नवंकोरं कुलूप होतं. नीलेशने लावलं होतं. "काल बाबा कंटेनरखाली आले असते तर?" त्याने मला विचारलं. हॉलमधे बाळारामशेठ आरामखुर्चीत बसले होते.

"चला शेठ," मी म्हटलं.

"कुठं?"

"काल जिथे गेलात तिथे."

"काल गरज व्हती," ते म्हणाले. "आज मना भेव वाटतंय."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. इतकी वर्षं मी लोकांना सांगत होते की एकदा करून बघा म्हणजे भीती जाईल. करून बघितलेला माणूस माझ्यासमोर बसला होता आणि भीती त्याच्या शेजारीच बसली होती. पुस्तकात असं लिहिलेलं नसतं. पुस्तक लिहिणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्या घरी जावं लागत नसावं.

ताराबाईंचं ऑपरेशन झालं, खुब्यात सांधा बसवला. डॉक्टरांनी त्यांना लगेचच वॉकर धरून उभं केलं होतं, पण घरी आल्यावर बाईंनी पलंग धरला. आता हॉलमधे समोरासमोर दोन पेशंट झाले. मी वॉकर पुढे केला की ताराबाई म्हणायच्या, "नको गो बाय, पडन मी." ते ऐकून बाळारामशेठना भयंकर राग यायचा.

"अगं, काय न्हाय व्हत! नजर समोर ठेव! दम रोकू नको!" ते खुर्चीतून ओरडायचे. माझीच वाक्यं, माझ्याच सुरात. "भेव काय ठेवतंस? मॅडम हायेत ना!"

ताराबाईंनी हे पुष्कळ सोसलं. मग एक दिवस वॉकरवरचे हात काढून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, "आदी तुमी उठा. तुमी जेवढं चालाल तेवढी मी चालन. पाऊल जास्ती न्हाय."

बाळारामशेठनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. अशा वेळी आमच्या व्यवसायात छताकडे बघायचं असतं.

आयुष्यभर कोणाच्या आव्हानाला नाही न म्हटलेला तो माणूस उठला. खिडकीपर्यंत गेला आणि तिथून विजयी नजरेने मागे बघितलं. ताराबाई वॉकर सरकवत, कण्हत, मधेच थांबत खिडकीशी पोचल्या. "आता?" म्हणाल्या. शेठना परत यावंच लागलं. त्या दिवसापासून माझं काम पंचाचं झालं. कोण कुठपर्यंत गेलं यावरून त्यांची भांडणं व्हायची, आणि ती मिटवण्यासाठी दोघांना पुन्हा चालून दाखवावं लागायचं. हॉल संपला, ओटी संपली, मग दोघं अंगणात आले. नीलेश फाटकापाशी उभा राहून नखं खायचा.

आणि अंगणात एक दिवस बाळारामशेठ पडले.

सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बायकोला मागे टाकायच्या घाईत पाय अडखळला, काठी एकीकडे गेली आणि ते कुशीवर आडवे झाले. नीलेश किंचाळत धावला. मीही निघाले होते. पण आमच्याआधी ताराबाईंनी आपला वॉकर मधे आडवा घातला.

"हात लावू नको त्यांना!" त्या नीलेशवर कडाडल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "लागलं का?"

शेठनी जमिनीवरूनच अंग चाचपलं. "न्हाय," म्हणाले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. एवढा काळ ज्याची धास्ती घेतली ते घडून गेलं होतं आणि त्यात काही विशेष निघालं नव्हतं. "मॅडम," ते म्हणाले, "जमीन लय लांब नव्हती."

"बोलणं पुरं," ताराबाई म्हणाल्या. "चांगल्या कुशीवर वला. आता कोपरावर या. नील्या, खुर्ची आन, पन तू लांब ऱ्हा. टेका हात. चांगला पाय फुडं. घाई नको."

ते उठले. धापा टाकत, शिव्या देत, पण उठले. उभे राहिल्यावर आधी त्यांनी कुंपणापलीकडे नजर टाकली, शेजारच्यांनी बघितलं की काय म्हणून. मी तिथे होते, मला करण्यासारखं काहीच नव्हतं. त्या दोघांना मी हे असंच करायला शिकवलं असं पुढे मी ठिकठिकाणी सांगितलं.

त्यांचा पाय पूर्ववत झाला नाही, होणारही नव्हता. हाताची बोटं आखडलेलीच राहिली. अशी कितीतरी माणसं माझ्या वाट्याला आली जी खिडकीपर्यंतही गेली नाहीत. ताकद नव्हती म्हणून नाही. त्यांच्यावर माया करणारी माणसं फार होती म्हणून. त्यांचं वाईट अजून वाटतं. आमच्या धंद्याची गंमत अशी की काम फसलं तर आपण वर्षानुवर्षं त्या घरी जात राहतो आणि काम जमलं तर आपल्याला बोलावणं बंद होतं. बाळारामशेठच्या घरूनही ते बंद झालं.

बऱ्याच महिन्यांनी त्यांचा फोन आला. मागे घंटा वाजत होत्या. "मॅडम, वज्रेश्वरीला आलोय. मी आनि हीच. नील्या गाडीत बसलाय, त्याला सांगितलं उतरू नको."

"पायऱ्या चढलात?" मी विचारलं. देवळाला मोठी उंच पायऱ्यांची वाट आहे.

"न्हाय वो. पायऱ्या बगितल्या आनि भेव वाटलं. खालूनच हात जोडले. ही बोलते, देवीला सांगा भेव घालव म्हनून. मी बोललो, कशाला? ऱ्हाऊदे संगती. आता सवय झाली." मग म्हणाले, "चला, ठेवतो. गाडीकडं जायचंय, रस्ता उताराचा हाय."

फोन त्यांनी खिशात टाकला, पण बंद करायचा विसरले. मी कानाला लावून बसून राहिले. काठीचा ठक्क आवाज येत होता, त्यामागे वॉकरचा खडखडाट. ताराबाई म्हणत होत्या, "धरा माझ्या हाताला, उतार हाय." ते म्हणत होते, "तूच धर माझ्या हाताला, पडशील." थोडं अंतर गेलं की पुन्हा तेच. कोण कोणाला धरतंय ते फोनवरून शेवटपर्यंत कळलं नाही.